निडवा शिवारात, योजना दप्तरात

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. तो तुटला की बारा महिन्यांचा खोडवा, त्यामागं बारा महिन्यांचा निडवा. एका लागणीचा हिशेब मिटायला साडेतीन वर्षं जातात, हे कोल्हापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. केंद्र सरकारची परंपरागत कृषी विकास योजना मात्र २०१५ पासून एका गटाला तीनच वर्षं धरते. आडसाली तुटतो, खोडवा तुटतो, निडवा छातीएवढा होतो आणि गटाची मुदत संपते. सेंद्रिय ऊस परवडतो की नाही याचं उत्तर ज्या पिकातून मिळायचं, ते पीक अजून कारखान्याच्या काट्यावर गेलेलंच नसतं.

ही मुदत ठरवताना डोळ्यांसमोर भाजीपाला असेल, भात असेल, कडधान्य असेल. ऊस नव्हता. आणि ऊस वगळून पंचगंगेच्या, दूधगंगेच्या, वारणेच्या काठी सेंद्रिय शेतीचं बोलायचं, तर ते परसबागेपुरतं बोलणं होतं.

आता पैसा बघा. या योजनेत हेक्टरी ३१,५०० रुपये, तेही तीन वर्षांत मिळून. त्यातले निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यावर येणारे १५,०००. म्हणजे एकराला वर्षाकाठी दोन हजारांच्या आसपास. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये जाहीर झाली. सरकार एका एकराला वर्षभरासाठी जे देतं, त्यातून एक टन उसाचीही भरपाई होत नाही. रासायनिक खत बंद केल्यावर पहिल्या दोन वर्षांत एकरी टनेज किती घसरेल, हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो. दहा टनांनी घसरलं तर तीस-पस्तीस हजारांचा खड्डा. सोसायटीचं कर्ज ऊसबिलातून वळतं होतं. तिथं खड्ड्याला जागा नाही.

तरीही अनुदान कमी आहे, ही माझी मुख्य तक्रार नाही. अनुदान दुप्पट केलं तरी तो प्रश्न तसाच राहील, कारण टनेज किती घसरेल, कितव्या वर्षी सावरेल, कुठल्या मातीत सावरेल आणि कुठल्या मातीत सावरणारच नाही, हे शेतकऱ्याला आकड्यांत सांगणारा माणूस योजनेत कुठेच नाही. योजनेत गटप्रमुख आहे, प्रशिक्षण आहे, शिवारफेरी आहे, प्रमाणपत्र आहे, पॅकिंगची पिशवी आहे. संशोधक नाही. प्रचाराला पैसा आहे, पडताळणीला नाही. प्रयोग शेतकऱ्यानं करायचा, स्वतःच्या सातबाऱ्यावर, स्वतःच्या कर्जावर, आणि तो फसला तर कारणही त्यानंच शोधायचं.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात खतांच्या अनुदानाला सुमारे १ लाख ६८ हजार कोटी रुपये होते. राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला ६१६ कोटी. खताच्या दर २७० रुपयांमागं नैसर्गिक शेतीला एक रुपया. त्या अभियानाला मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली तेव्हाचे आकडे मोठे होते: एकूण २,४८१ कोटी, १५,००० गट, एक कोटी शेतकरी, साडेसात लाख हेक्टर, दहा हजार जैवनिविष्ठा केंद्रं. राज्यानंही २०२३ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत २५ लाख हेक्टर आणि १,००० कोटींची घोषणा केली. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी सुरू झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख मिशन राज्यभर नेलं. हेक्टर मोजले, गट मोजले, शेतकरी मोजले. मातीतला सेंद्रिय कर्ब किती वाढवायचा, याचं उद्दिष्ट या घोषणांत सापडत नाही. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच मोजायचं राहिलं.

प्रश्न किती अवघड आहे ते एका साध्या गुणाकारातून कळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद आणि १७० पालाश. को ८६०३२ सारख्या खताला प्रतिसाद देणाऱ्या वाणाला त्याहून जास्त. चारशे धरले तरी एकराला १६० किलो नत्र. युरियातून द्यायचं तर ४५ किलोच्या आठ पोती लागतात. पोतं २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे एकवीसशे-बावीसशे रुपयांत नत्र भागलं. तेच नत्र शेणखतातून द्यायचं तर? चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा. एकराला ३२ टन शेणखत लागेल. आणि त्यातलं नत्र पहिल्या वर्षी पूर्ण लागू होत नाही, हळूहळू सुटतं. बत्तीस टन शेणखत! दोन एकरवाल्यानं चौसष्ट टन आणायचं कुठून? गोठ्यात दोन म्हशी असतात, गोकुळला दूध घालायला. गावातल्या प्रत्येक ऊसवाल्यानं उद्या सेंद्रिय व्हायचं ठरवलं तर करवीर तालुक्याची जनावरं करवीरलाच पुरणार नाहीत.

इथं जीवामृतवाले म्हणतील, एवढ्या शेणाची गरजच नाही. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत एका एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. दहा किलो शेणात नत्र फार तर पन्नास ग्रॅम. १६० किलोंसमोर पन्नास ग्रॅम. पाळेकरांचं म्हणणं असं, की हे खत नाही, हे विरजण आहे. जमिनीत आहे तेच उपलब्ध करून देणारे जीवाणू त्यातून वाढतात. म्हणणं बिनबुडाचं आहे असं मी म्हणणार नाही. जीवाणू हे काम करतात, हे विद्यापीठानंही मान्य केलेलं आहे: अ‍ॅसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जीवाणूंच्या द्रावणात बेणं अर्धा तास बुडवून लावलं तर निम्म्या नत्राची आणि पाव स्फुरदाची बचत होते, ही राहुरीचीच शिफारस आहे. मग उरलेल्या निम्म्याचं काय? जीवामृतानं त्यातलं किती भागतं? शिरोळच्या भारी काळ्या रानात किती, आणि भुदरगडच्या तांबड्या निचऱ्याच्या रानात किती? देशी गाईचंच शेण हवं की आमच्या म्हशीचं चालेल? हे चर्चासत्रात सुटणारे प्रश्न नाहीत. यांना प्लॉट लागतो, माती परीक्षण लागतं, दर हंगामाला वजनकाटा लागतो आणि दहा-पंधरा वर्षं खुर्ची न सोडणारा शास्त्रज्ञ लागतो.

पाचटाचं घ्या. पाचट जाळू नका, हे विद्यापीठ कित्येक वर्षं सांगतंय आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यातून ४० ते ५० किलो नत्र, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब मातीला परत मिळतो. पण ते कुजवायची प्रचलित शिफारस काय? पाचटावर युरिया टाका, सुपर फॉस्फेट टाका, मग जीवाणू संवर्धक टाका. का, तर पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र तोकडं. कुजवणारे जीवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. शास्त्र चोख आहे. पण प्रमाणित सेंद्रिय शेतकऱ्यानं युरियाच्या जागी काय टाकायचं? सरीत ताग घ्यायचा, की प्रेसमड, की स्लरी? किती, केव्हा, आणि खोडव्याचं टनेज त्यानं किती राहतं? सेंद्रिय उसाचं सगळं भवितव्य या एका प्रश्नावर टेकलेलं आहे आणि तो सोडवायला मंत्रालयातली घोषणा उपयोगाची नाही.

२०१९ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पात झिरो बजेट शेतीचा पुरस्कार केला. त्यावर राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं पंतप्रधानांना कळवलं, की या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, सरकारनं तिच्यामागं लागू नये. पुराव्याशिवाय धोरण आखू नये हे अकादमीचं म्हणणं रास्तच होतं. पण पुरावा नाही तो कुणामुळं? संशोधनाचा पैसा कुठे घालायचा हे ठरवणाऱ्या खोल्यांत याच मंडळींची उठबस असते. अर्धशतकभर खताच्या मात्रेवर प्रयोग झाले. आडसालीला, पूर्वहंगामीला, सुरूला, खोडव्याला वेगवेगळी मात्रा किलोपर्यंत ठरली. तेवढ्याच चिकाटीनं बिनखताच्या उसावर काम झालं असतं, तर आज पाळेकरांच्या शिबिराला जायची गरज शेतकऱ्याला पडली नसती. प्रयोग करायचे नाहीत आणि प्रयोग नाहीत म्हणून नाकारायचं, ही शास्त्राची रीत नाही. तिकडं सरकारनंही पुराव्याची वाट न बघता लाखो हेक्टरांची उद्दिष्टं वाटली. एकाला घाई, दुसऱ्याला आढी, आणि मधे शेतकरी.

सेंद्रिय शेतीच्या संशोधनाला सार्वजनिक पैसा देणं ही काही परदेशी कल्पना नव्हे. कंपोस्टची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ मराठी संस्थानात जन्मली. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला संशोधन संस्था उभारली ती होळकर संस्थानच्या जमिनीवर. तिच्या खर्चाचा मोठा वाटा भारतीय मध्यवर्ती कापूस समितीनं उचलला, आणि त्या समितीचा पैसा यायचा कापसाच्या गाठीवरच्या उपकरातून. पिकातून पैसा, त्यातून संशोधन, आणि १९३१ पर्यंत त्या संशोधनाचा ग्रंथ हातात. आज जगभरची सेंद्रिय चळवळ हॉवर्ड यांचं नाव घेते.

आपल्या जिल्ह्यात तर प्रयोगाची परंपरा राजानंच घातली. शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, पन्हाळ्यावर चहाची लागवड करून पाहिली, राधानगरीचं धरण हाती घेतलं. पुढं गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. एका चौरस फूट पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडून, दहा गुंठ्यांत कुटुंब कसं जगेल, हे त्यांनी शेतकऱ्यांबरोबर बसून शोधलं. तासगावच्या द्राक्षवाल्यांना त्यांनी संशोधक बनवलं. तिथला शेतकरी वेलीच्या काडीचं निरीक्षण वहीत लिहू लागला. आजही कोल्हापुरातले प्रताप चिपळूणकर नांगराविना शेती करतात, मुळं आणि बुडखे जमिनीतच कुजवून सुपीकता कशी वाढते, हे अनुभवातून लिहितात. त्यांच्या पद्धतीत तणनाशकाला जागा आहे, म्हणून ती सेंद्रियच्या चौकटीत बसत नाही. पण मातीचा कर्ब वाढतो का, हा प्रश्न चौकटीपेक्षा मोठा आहे. अशा माणसांची शेतं विद्यापीठानं दर हंगामाला मोजायला हवीत, आकडे छापायला हवेत. शेतकऱ्यानं सत्कार मागितलेला नाही, मोजणी मागितली आहे.

भारतीय कृषी संशोधन परिषदेचं सेंद्रिय शेतीचं अखिल भारतीय जाळं २००४-०५ पासून आहे. त्याचं मुख्य ठाणं मेरठजवळच्या मोदीपुरमला. कर्नाटकचं केंद्र धारवाडला. महाराष्ट्राचं कर्जतला, कोकणातल्या भातपट्ट्यात. कर्जतचं काम मोलाचंच आहे, पण तिथला निष्कर्ष कागलच्या उसाला लावता येत नाही. पाऊस वेगळा, माती वेगळी, पीक वेगळं. कोल्हापुरात शेंडा पार्कला विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, कृषी महाविद्यालय आहे. जमीन आहे, काटा आहे, प्रयोगशाळा आहे, हुशार पोरं आहेत. त्यांच्या हातात पंधरा वर्षांचा भरवशाचा पैसा द्यायला हवा.

पंधराच का, असं कुणी विचारेल. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ १९७८ पासून एकाच रानात सेंद्रिय, बायोडायनॅमिक आणि रासायनिक असे प्लॉट शेजारी-शेजारी आहेत. एकवीस वर्षांचे आकडे २००२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. सेंद्रियचं उत्पादन वीस टक्क्यांनी कमी निघालं. पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी लागली, कीडनाशकं ९७ टक्क्यांनी कमी, आणि मातीतली जीवसृष्टी जास्त. या आकड्यांवर दोन्ही बाजूंना बोलता येतं, पण आकडे सोडून बोलता येत नाही. त्याच स्विस मंडळींनी २००७ पासून मध्य प्रदेशात, निमाडमधल्या कसरावदला, कापूस-सोयाबीन-गव्हाचा तसाच दीर्घकाळचा प्रयोग चालवला. निमाडच्या काळ्या मातीत परक्या देशाचा पैसा आणि परक्या देशाची चिकाटी. साखर पट्ट्याच्या काळ्या मातीत आपल्याच उसाचा पैसा का नसावा?

उसाचा पैसा म्हणजे काय ते सांगतो. कोल्हापूर आणि सांगली मिळून जो साखर विभाग होतो, तिथं हंगामाला दोन कोटी टनांच्या आसपास गाळप होतं. संशोधनासाठी टनामागं एक रुपया मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला द्यायची पद्धत आधीपासून आहे. त्याखेरीज टनामागं पंचवीस पैसे याच विभागातल्या मातीसाठी बाजूला काढले, तर वर्षाला पन्नास लाख जमतात. राज्यानं तेवढेच घातले तर एक कोटी. पंधरा वर्षांचे पंधरा कोटी. एका साखर कारखान्याच्या विस्तारीकरणाच्या खर्चात हा आकडा दिसणारही नाही. पंचवीस पैसे कुणाच्या खिशातून, हे आधीच सांगतो: कारखान्याच्या. शेतकऱ्याच्या बिलातून यापूर्वीच पुरेशा कपाती होतात.

प्रयोग कसा असावा, तर शेंडा पार्कला रासायनिक, एकात्मिक आणि पूर्ण सेंद्रिय असे तीन प्लॉट कायमचे आखावेत. आडसाली, खोडवा, निडवा, मग बेवडाला हरभरा किंवा ताग आणि पुन्हा लागण, अशी फेरी किमान चार वेळा व्हावी. तसेच प्लॉट शिरोळच्या भारी जमिनीत हवेत. तिथं पाणी आणि खताच्या मात्रा वाढत गेल्या आणि हजारो एकर क्षारपड झाली. दत्त कारखान्यानं जमिनीखालून निचरा नळ्या टाकून ती सुधारायचं काम हाती घेतलं आहे. सुधारलेल्या त्या रानात पुन्हा तीच मात्रा ओतायची की वेगळा रस्ता धरायचा, हे तिथल्या शेतकऱ्याला आजच ठरवायचं आहे. त्याला पंधरा वर्षं थांबा म्हणता येणार नाही, म्हणून दर हंगामाचे आकडे त्या त्या वर्षीच गावच्या चावडीवर लागले पाहिजेत. सेंद्रियच्या विरोधात निघाले तरी लागले पाहिजेत. आणि शेतकऱ्याच्या रानात प्रयोग केला तर टनेजमधली घट संशोधनाच्या निधीतून भरून द्या. प्रयोगशाळेत फुटलेल्या काचेचे पैसे कुणी शास्त्रज्ञाच्या पगारातून कापत नाही.

गुळाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ मध्ये, आणि तरीही गुऱ्हाळघरं एकामागून एक बंद पडत आहेत. गुळाचा रंग पिवळाधमक हवा, या बाजाराच्या हट्टापायी काहिलीत हायड्रॉस पडू लागला, साखर मिसळू लागली. रानभेंडीनं रस निवळायची जुनी रीत ऊस व गूळ केंद्रानं अभ्यासून टिकवली, हे त्यांचं ऋण आहे. रसायनविरहित गुळाला पुण्या-मुंबईत, गुजरातेत चांगला भाव देणारं गिऱ्हाईक आहे. पण गूळ सेंद्रिय म्हणायचा तर ऊस सेंद्रिय हवा, आणि उसापाशी आलं की पुन्हा ते बत्तीस टन शेणखत आडवं येतं. गुळव्याचं सगळं कसब काहिलीपासून सुरू होतं. त्याआधीचे अठरा महिने संशोधकाचे आहेत.

सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. नेहमीप्रमाणे ऊसदर, उतारा आणि तोडणी-वाहतुकीवर गदारोळ होईल, आणि तो व्हायलाच हवा. त्याच पत्रिकेवर टनामागं पंचवीस पैशांचा विषय घ्यावा, अशी लेखी सूचना सभासदाला मुदतीत देता येते. भोगावतीच्या, बिद्रीच्या, दत्तच्या, वारणेच्या, कुंभी-कासारीच्या एखाद्या सभासदानं ती द्यावी. संचालक मंडळ नाही म्हणालं, तर कारण इतिवृत्तात लिहून घ्यावं.